कुमार कादंबरीला साहित्य म्हणायचं की नाही?

(धसई, ता. मुरबाड इथे झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्यातली वळणं शक्य तितकी तशीच ठेवली आहेत, पुनरुक्ती तेवढी काढली आहे. शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)



धसईत बोलायला उभं राहिलं की पाहुणे हटकून २०१६ सालच्या डिसेंबरपासून सुरुवात करतात. राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून तेव्हा आपल्या बाजारपेठेचं नाव पेपरात आलं, टीव्हीवर आलं. मी त्यावर बोलणार नाही. माझा विषय या बाजारपेठेत मला कधी न दिसलेल्या वस्तूचा आहे. इथे भात मिळतो, खत मिळतं, ताडपत्री मिळते, मोबाइलचं कव्हर मिळतं. नववी-दहावीच्या पोरांसाठी गाईडही मिळतं. पण त्याच पोरानं आपणहून उचलावं असं गोष्टीचं पुस्तक मिळत नाही. आणि गंमत अशी, की ते पुस्तक 'साहित्य' आहे की नाही यावर मात्र आपण तावातावानं भांडतो.

भांडण कसं निघालं ते आधी सांगतो. इथून फार लांब नसलेल्या एका गावात सार्वजनिक ग्रंथालय आहे, 'ड' वर्गातलं. गावाचं नाव सांगत नाही, कारण भांडण अजून पुरतं मिटलेलं नाही. अनुदानातून पुस्तकं घ्यायची होती. रक्कम थोडी, म्हणजे एक पुस्तक घेतलं की दुसरं राहणार. यादी करायला आम्ही पाच-सहा जण बसलो.

एक निवृत्त मुख्याध्यापक होते. त्यांचं म्हणणं, मुलांच्या वाट्याच्या पैशांत 'श्यामची आई' घ्या, थोरामोठ्यांची चरित्रं घ्या, बाकी सगळी करमणूक आहे. कॉलेजात मराठी शिकवणारे एक प्राध्यापक होते. ते म्हणाले, "कुमार साहित्य असा काही वेगळा प्रकारच नसतो. पुस्तक चांगलं असतं नाहीतर वाईट असतं. ज्याच्यावर 'कुमारांसाठी' अशी चिठ्ठी चिकटवावी लागते, ते बहुतेक वेळा दुसऱ्या प्रतीचं असतं." आणि पुस्तकं देवघेवीच्या टेबलावर बसणारी एक मुलगी होती, बीएच्या दुसऱ्या वर्षाला. तिनं नोंदवही पुढे केली. "सर, 'दुनियादारी'ची प्रत दोनदा शिवून घेतलीय. 'शाळा'ची मागची पानं गेलीत. पोरं येतात ती याच्यासाठी येतात. तुम्ही म्हणता ती पुस्तकं कपाटात कोरी आहेत."

तिघंही खोटं बोलत नव्हते. म्हणून तर भांडण मिटेना. त्या रात्री घरी आल्यावर मी विचार करत बसलो, की आपण तिघांपैकी नेमके कुणाच्या बाजूचे? आजचं भाषण म्हणजे त्या प्रश्नाचं उशिरा दिलेलं उत्तर आहे.

मला हा प्रश्न एवढा का लागला, त्याला एक जुनी गोष्ट कारण आहे. मी शिक्षक होतो. पंचवीस एक वर्षं झाली असतील, दहावीच्या वर्गात मागच्या बाकावर एक पोरगा बाकाखाली पुस्तक धरून वाचत होता. मी जाऊन ओढून घेतलं. सुहास शिरवळकरांचं 'दुनियादारी'. वर्गासमोर म्हणालो, "हे वाचून काय होणार रे तू?" पुस्तक त्याच्या मामाचं होतं. मी ते त्याला परीक्षेनंतर परत दिलं, आणि आपण फार योग्य वागलो असं समजलो. तो पोरगा आज बाजारात दुकान चालवतो, नीट चाललंय त्याचं. पण पुस्तक त्यानं पुन्हा हातात घेतलं नाही. हे त्यानंच मला सांगितलं, रागानं नाही, हसत हसत. आणि पुढे म्हणाला, "सर, आता माझी पोरगी नववीला आहे. तिला काय देऊ वाचायला?" मला पटकन उत्तर देता आलं नाही.

आता मुद्द्याकडे येऊ.

पहिली गोष्ट शब्दाची. इंग्रजीत 'यंग अ‍ॅडल्ट' म्हणतात. आपल्याकडे कुमार, किशोर असे चांगले शब्द आहेत, पण त्या शब्दांच्या मागे दुकानात कप्पा नाही आणि पुरस्कारांत जागा नाही. साहित्य अकादमीचं पाहा. २०१० पासून बाल साहित्य पुरस्कार आहे, २०११ पासून युवा पुरस्कार आहे. 'बाल' हे वाचणाऱ्याचं वय झालं. 'युवा' मात्र लिहिणाऱ्याचं वय आहे, पस्तिशीच्या आतला लेखक. मध्ये जो पंधरा वर्षांचा वाचक उभा आहे, त्याच्या नावाची पाटी कुठेच नाही. त्याला एकतर बाळात ढकलायचं, नाहीतर थेट मोठ्यांच्या रांगेत उभं करायचं.

असं नाही की मराठीनं या वयाकडे पाहिलंच नाही. वासुदेव गोविंद आपट्यांनी 'आनंद' मासिक १९०६ साली सुरू केलं. ना. धों. ताम्हनकरांचा 'गोट्या' आला, 'चिंगी' आली. भा. रा. भागवतांनी 'बालमित्र' चालवलं, ज्यूल व्हर्न मराठीत आणला आणि फास्टर फेणे जन्माला घातला. १९७१ च्या नोव्हेंबरात बालभारतीनं 'किशोर' सुरू केलं, ते आजही निघतं. 'किशोर'चे जुने अंक आता इंटरनेटवर फुकट वाचता येतात, हे इथल्या शिक्षकांनी लिहून घ्या. तेव्हा परंपरा आहे. नाही ती समीक्षा. या पुस्तकांबद्दल आपण दोनच वाक्यं बोलतो, "संस्कारक्षम आहे" किंवा "मुलांना आवडेल". कादंबरीबद्दल जे प्रश्न विचारायचे असतात, म्हणजे निवेदन कोण करतंय, भाषा कुणाची आहे, माणसं बदलतात का, ते इथे विचारतच नाही. मग दर्जा ठरणार कसा?

परदेशात हे भांडण वेगळ्या बाजूनं झालं. २०१४ साली अमेरिकेत रूथ ग्रॅहॅम नावाच्या लेखिकेनं एक लेख लिहिला, की मोठ्या माणसांना किशोरांसाठी लिहिलेल्या कादंबऱ्या वाचताना थोडी लाज वाटायला हवी. केवढा गदारोळ झाला त्यावर! तिचं दुखणं असं होतं, की मोठी माणसं मुलांची पुस्तकं वाचतात. आपलं दुखणं बरोबर उलटं आहे. आपल्याकडे मुलांना मुलांची पुस्तकं पुरत नाहीत, म्हणून ती मोठ्यांची वाचतात. आधीची पिढी बाबुराव अर्नाळकर वाचत वाढली, नंतरची शिरवळकर. कॉलेजात गेलेला 'कोसला'त अडकतो. यातलं काहीही त्या वयासाठी म्हणून लिहिलेलं नाही. तेव्हा तिकडचा वाद जसाच्या तसा उचलून इथे मांडला, तर तो अंगाला बसत नाही.

म्हणून मी चार-पाच पुस्तकं घेतो आणि त्यांच्यापाशी थोडा थांबतो.

सुरुवात 'शाळा'पासून करू, कारण आमच्या बैठकीत सगळ्यात जास्त आवाज चढले ते तिच्यावरून. मिलिंद बोकील यांची ही कादंबरी २००४ ची, मौजेनं काढलेली. पुढे तिच्यावर चित्रपट झाला, त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. नववीतला मुकुंद जोशी, त्याचे मित्र, शिरोडकर नावाची मुलगी आणि मागे आणीबाणी. प्राध्यापकांचं मत असं, की ही प्रौढांची कादंबरी आहे. चाळीस-पन्नाशीच्या माणसानं आपली शाळा आठवत वाचावी अशी. नववीच्या पोराला तिच्यातलं काय कळणार? आणि मुख्याध्यापक म्हणत होते, की पोरं तिच्यातल्या शिव्या आणि 'लाइन' तेवढी उचलतात.

मी ती या निमित्तानं पुन्हा वाचली. मला वाटतं, दोघांनीही एक गोष्ट सोडून दिली. ही कादंबरी मुकुंद सांगतो, आणि तो नववीतच उभा राहून सांगतो. मोठा झालेला, शहाणा झालेला मुकुंद मध्ये येऊन "तेव्हा आम्ही किती वेडे होतो" असं कुठे म्हणत नाही. हा निर्णय साधा दिसतो, पण सगळं पुस्तक त्याच्यावर उभं आहे. अर्धवट बांधलेल्या बिल्डिंगीत बसून ती पोरं जे बोलतात, ते पोरांचंच बोलणं आहे. आणीबाणीबद्दल त्यांना अर्धवट कळतं, तेवढंच वाचकालाही मिळतं. आणि जे होतं ते होऊन जातं. शिरोडकर गाव सोडून जाते, ती परत येत नाही. मुकुंद दहावीत जातो. शेवटी कुणी डोक्यावर हात ठेवून धडा सांगत नाही. आता सांगा, ज्या पुस्तकात घडलेली गोष्ट पुसली जात नाही आणि लेखक पोराच्या उंचीवरून हलत नाही, त्याला 'फक्त आठवणी' कसं म्हणायचं?

पण आमची ती टेबलावरची मुलगी इथे आडवी आली, आणि तिचा मुद्दा मला अजून टोचतो. ती म्हणाली, "सर, शिरोडकरला काय वाटत होतं?" मी म्हटलं, मुकुंदला जेवढं दिसतं तेवढंच आपल्याला दिसणार ना. ती म्हणाली, "हो, पण आख्खं पुस्तक वाचून मला तिची वेणी माहीत, तिचा रस्ता माहीत. ती रात्री घरी काय ऐकून घेत असेल ते माहीत नाही. आणि गाव सोडून जावं लागतं ते तिला." आता हा निवेदनाच्या निवडीचा दोष आहे असं मी म्हणणार नाही, कारण मुलग्याच्या नजरेची हद्द हीच तर त्या कादंबरीची प्रामाणिक गोष्ट आहे. पण शिरोडकरनं सांगितलेली 'शाळा' मराठीत आपल्याकडे नाही, ही उणीव कादंबरीची नसली तरी आपली आहे. हे एका वीस वर्षांच्या वाचकानं दाखवलं. समीक्षा याहून वेगळी काय असते?

आता दुसरं टोक. फास्टर फेणे. फुरसुंगीचा बनेश फेणे, पुण्यात विद्याभवनात शिकणारा, सायकल हाणणारा, 'ट्टॉक' करणारा. याच्यावर बोलताना आपण एकदम प्रेमळ होतो आणि बुद्धी बाजूला ठेवतो. मी तसं करणार नाही. फेणे वाढत नाही. एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकात जाताना त्याच्या अंगाला मागच्या संकटाचा ओरखडा राहत नाही. मालिकेचा तो नियमच असतो. मग त्याला साहित्य म्हणायचं का?

मी म्हणतो, म्हणायचं, पण कशासाठी ते नेमकं सांगून. भागवतांचं वाक्य धावतं. त्यांना माहीत आहे की वाचणारा पोरगा पुढच्या वळणावर काय असेल याचा अंदाज बांधतोय, आणि ते त्या अंदाजाशी खेळतात. पोराला मूर्ख समजत नाहीत. उपदेशासाठी गोष्ट थांबवत नाहीत. विनोद करतात तो मोठ्यांकडे डोळा मारून नव्हे, पोराबरोबर. ही कारागिरी आहे, आणि ती अवघड आहे. भारत सासणे यांच्यासारखा लेखक पाहा. मराठी कथेतला गंभीर, गुंतागुंतीचा कथाकार, २०२२ साली उदगीरच्या साहित्य संमेलनाचा अध्यक्ष. त्यांना २०२४ चा बाल साहित्य पुरस्कार मिळाला तो 'समशेर आणि भूतबंगला' या पुस्तकाला. ज्याला दोन्ही लिहिता येतं, त्यानं भूतबंगल्याचं दार कमी प्रतीचं मानलं नाही. मग आपण कोण?

एक मर्यादा मात्र सांगायला हवी. आपल्या साहसकथांतला नायक बहुतेक पुण्या-मुंबईचा असतो, आणि जंगल त्याच्यासाठी सुट्टीत जायची जागा असते. आपल्या इथल्या ठाकरवाडीतल्या पोरासाठी जंगल हे लाकूडफाट्याचं, करवंदाचं, खेकड्यांचं रोजचं ठिकाण आहे. साहस त्याच्यासाठी कुठे असेल? कदाचित कल्याणच्या स्टेशनवर एकट्यानं उतरण्यात. आणि आपल्याकडे गोष्टी काय कमी आहेत? समोरच्या सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ ला भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. दरवर्षी आपण तिथे जातो, फुलं वाहतो. पण त्या काळातला इथला एखादा पंधरा वर्षांचा पोरगा डोळ्यांपुढे आणून त्याच्या नजरेतून लिहिलेली कादंबरी मी तरी वाचलेली नाही. चरित्र असतं, भाषण असतं, कादंबरी नसते.

आता 'दुनियादारी'. माझ्या अपराधाचं पुस्तक. शिरवळकरांनी ते १९८२ साली लिहिलं, चित्रपट २०१३ साली आला. समीक्षेनं शिरवळकरांकडे फारसं लक्ष दिलं नाही, वाचकांनी मात्र त्यांना कधी सोडलं नाही. मी इतक्या वर्षांनी, प्रथमच, ते पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं. लक्षात घ्या, वर्गात ओढून घेतलं तेव्हा मी ते वाचलेलं नव्हतं!

काय सापडलं? दोष सापडले. भावना मोठ्या आवाजात बोलतात. संवाद टाळीकडे झुकतात. मुलींकडे पाहण्याची नजर आज खटकते. पण आणखीही एक गोष्ट सापडली. घरात ज्याला जागा नाही असा मुलगा कट्ट्यावर घर शोधतो, हे दुखणं खरं आहे आणि लेखकानं ते हसण्यावारी नेलेलं नाही. श्रेयसला दिग्याची टोळी मिळते ती मजेसाठी नाही, आधारासाठी. माझ्या वर्गातल्या त्या मागच्या बाकावर बसणाऱ्या पोराचे वडील तेव्हा हंगामाला वीटभट्टीवर असत, तो मामाकडे राहत होता. हे मला माहीत होतं. पुस्तकात काय आहे ते माहीत नव्हतं. दोन्ही माहीत असतं, तर मी ते त्याच्या हातातून ओढलं नसतं.

याचा अर्थ 'दुनियादारी' थोर कादंबरी आहे असा नाही. मी तसं म्हणत नाही, आणि तिच्या चाहत्यांनी मला तसं म्हणायला लावू नये. वाचकाला एखाद्या पुस्तकाची गरज असणं आणि ते पुस्तक चांगलं लिहिलेलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्या बैठकीतला सगळा घोळ इथेच होता. मुलगी गरजेबद्दल बोलत होती, प्राध्यापक घडणीबद्दल बोलत होते, मुख्याध्यापक परिणामाबद्दल. तिघंही 'दर्जा' हा एकच शब्द वापरत होते.

मुख्याध्यापकांच्या 'श्यामची आई'चंही एवढ्यातच सांगतो. साने गुरुजींनी ती १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली, १९३५ ला ती पुस्तकरूपानं आली. पुढे आचार्य अत्र्यांचा १९५३ चा चित्रपट, राष्ट्रपतींचं सुवर्णपदक, सगळं तुम्हाला पाठ आहे. त्या पुस्तकावर दोन आरोप होतात, रडवतं फार आणि उपदेश फार. दोन्हींत तथ्य आहे. पण ते टिकलं ते उपदेशामुळे असं मला वाटत नाही. टिकलं ते त्यातल्या कर्जामुळे. खोताचं घर हळूहळू खाली येतं, भांडीकुंडी जातात, आईचा अपमान होतो, आणि मुलगा ते पाहतो. घरातली गरिबी मुलाला किती बारीक कळते, हे त्यात लिहिलंय. आपण मात्र मुलांना त्यातला संस्कार पाठ करायला लावतो आणि कर्जाचं पान उलटून पुढे जातो.

आता ज्या पुस्तकानं माझ्यापुरता हा प्रश्न सोडवला, ते सांगतो. 'पाडस'. मार्जोरी किनन रॉलिंग्ज यांची ही अमेरिकन कादंबरी, १९३९ साली तिला पुलित्झर मिळालं. तेव्हा ती सगळ्यांची कादंबरी होती, पुढे तिकडे ती किशोरांच्या कपाटात गेली. मराठीत राम पटवर्धनांनी ती आणली आणि असं मराठी लिहिलं, की अनुवाद आहे हे विसरायला होतं.

गोष्ट तुम्हाला माहीत असेल. जंगलात शेती करून जगणारं गरीब कुटुंब, ज्योडी नावाचा मुलगा, त्यानं पाळलेलं हरणाचं पाडस. पाडस मोठं होतं आणि मक्याचे कोंब खायला लागतं. कुंपण करून पाहतात, पुन्हा पेरून पाहतात. ते काही थांबत नाही. मका गेला तर घर उपाशी. शेवटी गोळी घालायची वेळ येते. आई झाडते ती नीट लागत नाही, जनावर जखमी होतं, आणि शेवटची गोळी ज्योडीला स्वतः घालावी लागते.

हे पुस्तक मी दोन ठिकाणी मुलांना वाचून दाखवलं. एकदा ठाण्याला नातेवाइकांकडे, त्यांच्या सोसायटीतल्या मुलांना. ती मुलं रडली, आणि आईवडिलांवर चिडली. दुसऱ्यांदा आपल्या इथल्या नववीच्या वर्गात. इथे वर्ग गप्प झाला. मग एक पोरगा म्हणाला, "सर, दुसरा काय करणार व्हता तो?" त्याच्या घरी आदल्याच वर्षी रानडुकरांनी भाताची नासाडी केली होती. दुसरा एक जण म्हणाला, "पण बापानं करायला पायजे व्हतं, पोराला कशाला लावलं?" आणि मग वर्गात अशी काही खडाजंगी सुरू झाली, की तास संपल्याची घंटा कुणाला ऐकू आली नाही.

मी तेव्हा उभ्या उभ्या शिकलो. त्या मुलांना 'कळणार नाही' असं आपण म्हणतो, तेव्हा आपण त्यांचं शेत विसरतो, त्यांचं घर विसरतो. ज्योडीवर जी वेळ आली तिची जातकुळी त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होती. आणि पुस्तक असं होतं, की दोन्ही बाजूंना खरं बोलायला त्यात जागा होती. लेखिकेनं आईला दुष्ट केलं नाही, पाडसाला उगाच वाचवलं नाही. तुम्ही मला कसोटी विचाराल, तर ती इथे आहे. पुस्तक कितव्या इयत्तेसाठी आहे हा प्रश्न मागाहूनचा. आधी हे पाहायचं, की लेखक किशोर वाचकापासून काय लपवतो. भाषा सोपी केली, हरकत नाही. पानं कमी केली, हरकत नाही. पण परिणाम सौम्य केला, शेवट गोड करून दिला, माणसं चांगली आणि वाईट अशी दोन ढिगांत वाटून दिली, तर तिथे दर्जा गेला. मग ते पुस्तक कुमारांसाठी असो की प्राध्यापकांसाठी.

या कसोटीला उतरलेलं अलीकडचं एक पुस्तक म्हणजे ल. म. कडू यांचं 'खारीच्या वाटा'. २०१७ चा बाल साहित्य पुरस्कार त्याला मिळाला. धरणाखाली जाणाऱ्या गावातल्या मुलाची ती गोष्ट आहे. झाडं, प्राणी, माणसं यांच्याशी जडलेलं बालपण, आणि वरून येणारं पाणी. आता मला सांगा, हे कुणासाठी लिहिलंय? शहापूर तालुक्यात तानसा आहे, भातसा आहे. आपल्या तालुक्यात बारवी आहे. मुंबईनं नळ सोडला की आपलं पाणी पडतं, आणि इथल्या किती जणांच्या आजोळाचं गाव आज पाण्याखाली आहे, हे इथे बसलेल्यांना वेगळं सांगायला नको. 'बाल साहित्य' ही पाटी पाहून जर आपण मोठ्यांनी हे पुस्तक उघडलंच नाही, तर नुकसान पुस्तकाचं होत नाही.

आणि शेवटचं, भाषेचं. प्रकाश नारायण संतांचा लंपन. 'वनवास' १९९४ चं, मग 'शारदा संगीत', 'पंखा', 'झुंबर'. ही पुस्तकं मौजेची, मोठ्यांसाठीच मानलेली. लंपन बेळगावकडचं, कानडीचा हेल असलेलं मराठी बोलतो. त्याचं ते 'मॅडसारखं', त्याच्या त्या सत्ताविसशे वेळा. त्या भाषेशिवाय लंपन नाहीच. संतांनी ते मराठी 'शुद्ध' करून घेतलं असतं, तर पोरगा मेला असता. मग आपल्या मुरबाड-शहापूरच्या पोराचं 'व्हता' आणि 'पायजे' निबंधाच्या वहीत लाल शाईनं खोडणारे आपण, इथला लंपन कुठून येणार? तो आपल्याच वर्गात बसलेला असेल, आणि आपण त्याला गप्प केलेलं असेल. मी निदान एकाला केलं, ते कबूल केलंय.

तर आमच्या यादीचं काय झालं? अर्धी यादी त्या मुलीनं केली, अर्धी आम्ही. अट एकच घातली, की ज्यानं पुस्तक सुचवलं त्यानं ते पूर्ण वाचलेलं पाहिजे, आणि ज्यानं विरोध केला त्यानंही. अर्ध्या हरकती तिथेच गळून पडल्या! 'श्यामची आई' राहिली, 'शाळा'ची नवी प्रत आली, 'पाडस' आलं, फेणे आला, 'खारीच्या वाटा' आलं. 'दुनियादारी'वर मतदान घ्यावं लागलं. मी बाजूनं हात वर केला. प्राध्यापकांनी विरोधात केला आणि कारणं दिली, चांगली दिली. त्यांनी ती लिहून द्यावीत आणि पुस्तकात घडी करून ठेवावीत असं मी सुचवलं. ते 'बघू' म्हणालेत.

आणि त्या दुकानदाराच्या मुलीला मी 'पाडस' दिलंय. वाचून झाल्यावर तिला आवडलं का हे मी विचारणार नाही. तुझं कुणाशी पटलं नाही, एवढंच विचारणार आहे.

इथे थांबतो. 

प्रश्न : सर, तुम्ही संस्कारांवर बरीच टीका केली. पण मुलांच्या हातात पुस्तक देताना पालकांनी काहीच पाहू नये का?

उत्तर : जरूर पाहावं. पण पाहणं म्हणजे वाचणं. मुखपृष्ठ पाहून ठरवलं की माझ्यासारखं होतं. दुसरं असं, की पुस्तकातला एखादा माणूस वाईट वागला म्हणजे पुस्तकानं वाईट संस्कार केला असं होत नाही. रामायण-महाभारत आपण याच नियमानं वाचलं असतं, तर पहिल्याच अध्यायात मिटवावं लागलं असतं. मुलं वाईट वागणारा माणूस ओळखतात. गोष्टीत तो खोटा वाटला, तर तेही ओळखतात.

प्रश्न : मुलींच्या नजरेतून लिहिलेलं काही आहे का? मला माझ्या विद्यार्थिनींसाठी हवंय.

उत्तर : हा प्रश्न येणार हे ठाऊक होतं, आणि उत्तर तोकडं आहे. ताम्हनकरांची 'चिंगी' जुनी. संगीता बर्वे यांच्या 'पियूची वही'ला २०२२ चा बाल साहित्य पुरस्कार मिळाला, ती लहान वयासाठी छान आहे. चेतना सरदेशमुख-गोसावी यांनी मराठीत आणलेली 'तोत्तोचान' आहे. पण पंधरा वर्षांच्या मुलीचं मन, तिचा राग, तिची भीती, घरातून येणारी बंधनं, लग्नाची बोलणी, हे तिच्याच तोंडून सांगणारी मराठी कादंबरी शोधायला गेलं की हात रिकामा राहतो. माझी विनंती आहे, तुमच्या विद्यार्थिनींना 'शाळा' द्या आणि शिरोडकरच्या बाजूचं एक प्रकरण लिहायला सांगा. शुद्धलेखन तपासू नका. चांगलं निघालं तर पुढच्या वर्षी या व्यासपीठावर मला बोलवू नका, त्यांना बोलवा.